मी खोडलेला आकडा

संपादक मंडळाने यंदाही अंकासाठी 'प्राचार्यांचे मनोगत' मागितले. दरवर्षी मी निकाल, स्पर्धा आणि नव्या वर्गखोल्यांविषयी लिहिते, आणि आपण सर्वजण ते पान उलटून मुलांच्या कवितांकडे वळता, हे मला ठाऊक आहे. या वेळी मात्र एक जुनी चूक लिहून काढायची आहे. चूक माझीच आहे. ती शाळेच्या फाईलमध्ये एका मुलीच्या सुंदर अक्षरात लावून ठेवलेली आहे, म्हणून जास्त टोचते.

२ एप्रिल २०२२, शनिवार, गुढीपाडवा. करोनाच्या दोन वर्षांनंतर शाळेच्या पटांगणात पहिल्यांदाच सगळे मिळून सण साजरा करीत होतो. गाणी, नाट्यप्रवेश झाले होते आणि पुरी-श्रीखंडाची पंगत चालू होती. आठ वाजायला थोडा अवकाश असेल, तोच मैदानाच्या टोकाकडून मुलांचा ओरडा ऐकू आला. आम्ही वाढपी मंडळी हातातली भांडी तशीच घेऊन बाहेर धावलो.

दक्षिणेच्या आकाशात, पाण्याच्या टाकीच्या बऱ्याच वर, उजवीकडून डावीकडे काहीतरी चालले होते. पुढे एक मोठा पिवळसर नारिंगी गोळा, त्याच्या मागे दुसरा, मग आणखी लहान लहान, आणि प्रत्येकाला शेपूट. रात्रीची पॅसेंजर गाडी दूरवरून जाताना डब्यांचे दिवे जसे एकामागून एक सरकतात, अगदी तसे. घाई नाही, आवाज नाही. कोणी म्हणाले विमान पेटले, कोणी म्हणाले मिसाईल आहे. आमच्या कार्यकारिणीतील एका ज्येष्ठ सदस्यांनी हात जोडले. आणि मी मोठ्याने सांगितले, "घाबरू नका. उल्का आहेत. उल्कावर्षाव आहे हा."

खरे सांगायचे तर हे सांगताना मला बरे वाटले. माझे शिक्षण हिंदी माध्यमातले. विज्ञान मी 'उल्कापिंड', 'वायुमंडल', 'घर्षण' अशा शब्दांत शिकले, आणि मराठी शाळेत आल्यावर कितीतरी वर्षे मला मराठी शब्द आयत्या वेळी सापडत नसत. त्या दिवशी शब्दही सापडला आणि ज्ञानही. शिवाय सगळे पालक माझ्याकडे बघत होते.

त्यानंतर मी एक चांगले काम केले आणि लगेच ते बिघडवले. पाहिलेली गोष्ट त्याच दिवशी लिहून ठेवली पाहिजे, दुसऱ्या दिवशी ती तशी राहत नाही, एवढे मला माहीत होते. म्हणून मी पाचवी ते आठवीच्या मुलांना सभागृहात बसवले, कोरे कागद वाटले आणि सांगितले की आपापले लिहा, शेजाऱ्याचे बघू नका. कोणत्या दिशेला पाहिले, कुठून कुठे गेले, रंग कोणता, किती वेळ दिसले. पंधरा मिनिटांत एकतीस कागद भरले. मग मुलांना रांगेत उभे करून मी ते तपासू लागले. तपासायचे काही कारण नव्हते. पण बत्तीस वर्षांची सवय. हातात लाल पेन असले की ते चालतेच.

रांगेत सहावीतली एक मुलगी होती. (नाव देत नाही. ती आता वरच्या वर्गात आहे आणि हे सर्व छापायला तिची हरकत नाही, फक्त नाव नको म्हणाली.) तिच्या कागदावर वेळेच्या जागी '३८' असा आकडा होता.

"अगं, उल्का अडतीस सेकंद दिसत नाही. तीन-चार सेकंद म्हणजे सुद्धा खूप झाले," मी म्हटले.

"पण मॅडम, मी मोजलं."

"कसं मोजलंस?"

तिने सांगितले. मुले लपाछपी खेळत होती आणि तिच्यावर राज्य होते. टाकीच्या भिंतीला तोंड लावून ती पन्नासपर्यंत आकडे म्हणत होती. बारा म्हणून झाले आणि ओरडा झाला, म्हणून तिने मान वर केली. पण आकडे थांबवले तर पुन्हा पहिल्यापासून राज्य घ्यावे लागेल, या भीतीने ती वर बघत बघत तसेच म्हणत राहिली. पन्नास म्हटले तेव्हा शेवटचा लहान गोळा सभागृहाच्या छपरामागे गेला. पन्नासातून बारा गेले, अडतीस.

मी काय म्हणावे? "घाबरून भरभर मोजलं असशील. चार लिही." आणि मी अडतीसवर लाल रेघ मारली.

ती काही बोलली नाही. पण तिच्या मागे वीसेक मुले उभी होती आणि त्यांनी हे सगळे ऐकले होते. मी मान वर केली तेव्हा रांगेतली मुले भिंतीला कागद टेकवून काहीतरी खोडत होती. त्याआधी आलेल्या कागदांवर 'एक मिनिट', 'खूप वेळ', 'दोन पुऱ्या खाईपर्यंत' असे काय काय होते, आणि तेही मी दुरुस्त केलेच होते. नंतरच्या सगळ्या कागदांवर मात्र तीन, चार, पाच. मला वाटले, बघा, बाकीच्यांनी बरोबर लिहिले आहे.

सर्वांनी स्वच्छ प्रती काढल्या. कच्चे कागद टोपलीत गेले. रात्री नऊच्या सुमारास मी स्वतः फलकावर 'आम्ही पाहिलेला उल्कावर्षाव' असे शीर्षक लिहून एकतीस कागद टाचले आणि समाधानाने घरी गेले.

रविवारी सकाळपासून फोन सुरू झाले. तोच प्रकार उज्जैन, बडवानी, झाबुआपासून खानदेश, विदर्भापर्यंत लोकांनी पाहिला होता. आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी या गावी आकाशातून धातूचे एक मोठे कडे येऊन पडले होते, सुमारे तीन मीटर व्यासाचे. आसपासच्या भागांत धातूचे गोळेही सापडले. उल्केतून घडवलेले कडे पडत नसते. अवकाशातील वस्तूंची नोंद ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितले की, फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चीनच्या लाँग मार्च ३बी या अग्निबाणाचा तिसरा टप्पा परत वातावरणात शिरून जळाला असावा. दिशा आणि वेळ दोन्ही जुळत होते.

आता त्या अडतीसची किंमत कळण्यासाठी थोडे विज्ञान सांगते. पृथ्वीबाहेरून येणारी उल्का वातावरणात सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने शिरते. बहुतेक उल्का म्हणजे वाळूचा कण किंवा वाटाण्याएवढा खडा. साधारण शंभर किलोमीटर उंचीवर तो पेटतो आणि एक-दोन सेकंदांत संपतो. शुक्राहून तेजस्वी उल्केला अग्निगोल म्हणतात, तीही बहुधा काही सेकंदच टिकते. याउलट पृथ्वीभोवती फिरणारा जुना उपग्रह किंवा अग्निबाणाचा भाग खाली येतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सात-आठ किलोमीटरच्या आसपास असतो आणि तो जवळजवळ आडवा, अगदी तिरकस शिरतो. म्हणून तो आकाशात सावकाश सरकताना दिसतो, अर्धा मिनिट, कधी मिनिटभराहून जास्त. वाटेत त्याचे तुकडे होतात आणि ते एकाच रांगेत चालतात. म्हणजे ही उल्का की मानवाने सोडलेली वस्तू, हे नुसत्या डोळ्यांनी ठरवायचे तर सर्वांत मोठा पुरावा वेळेचा. सबंध पटांगणावर तो पुरावा एका मुलीने मोजून आणला होता आणि मी तो लाल पेनने खोडला. 'उल्का इतका वेळ दिसत नाही' हे माझे वाक्य शंभर टक्के बरोबर होते. त्यातून 'मग ती उल्का नसेल' असे निघायला हवे होते. मी काढले 'मग हिचे मोजणे चुकले'.

सोमवारी सकाळी मी शाळेत पोहोचले ती थेट टोपलीकडे. टोपली धुऊन पालथी घातलेली. आमच्या इंदूरची कचरागाडी किती वक्तशीर आहे, त्याचे कौतुक देशभर होते. रविवारी सकाळीच ती येऊन गेली होती. एकतीस मुलांनी न बघता, न विचारता लिहिलेले पहिले कागद गेले. फलकावर राहिले ते माझे मत, एकतीस हस्ताक्षरांत.

मी वर्गात जाऊन मुलांना सांगितले की मी चुकले. मुलांना मजा वाटली. प्राचार्य चुकतात हे त्यांना काही नवीन नव्हते, बोलून दाखवतात हे नवीन असावे. मग मी म्हटले, आता पुन्हा खरे खरे लिहा. आणि इथे दुसरी गोष्ट कळली. रविवारभर मुलांनी घरातल्या मोबाईलवर ते व्हिडिओ वीस-वीस वेळा पाहिले होते. आता सर्वांनीच एक मिनिट लिहिले. ज्यांनी शनिवारी मला "फक्त पुढचा मोठा गोळा दिसला" असे सांगितले होते, त्यांच्याही कागदावर आता सात-सात तुकडे होते. कोणी खोटे बोलत नव्हते. त्यांना आता तसेच आठवत होते.

फक्त सहावीतल्या त्या मुलीची गोष्ट टिकली, कारण तिचा आकडा आठवणीवर नव्हे, खेळावर टांगलेला होता. मी तिला पुन्हा भिंतीला उभे केले आणि विज्ञानाच्या सरांनी स्टॉपवॉच धरले. बारापासून पन्नासपर्यंत, नेहमीच्या चालीत. तीन वेळा मोजले: ३१, ३३, ३२ सेकंद. म्हणजे सुमारे अर्धा मिनिट. मग मला आठवले की तिने मुळात 'सेकंद' लिहिलेच नव्हते. नुसते '३८' होते; तिने मोजलेले ते आकडे होते, सेकंद मी वाचले.

त्या उन्हाळ्यात मी या विषयावर जमेल ते वाचले. एक प्रसंग मनातून जात नाही. डिसेंबर १७९८ मध्ये बनारसजवळ क्राखुत या गावाच्या परिसरात संध्याकाळी निरभ्र आकाशात मोठा अग्निगोल दिसला, गडगडाट झाला आणि दगड पडले. एक दगड एका पहारेकऱ्याच्या झोपडीच्या छपरातून आत येऊन जमिनीत रुतला. त्या काळी युरोपातल्या बहुतेक विद्वानांचे मत होते की आकाशातून दगड पडणे शक्य नाही, हा अडाणी लोकांचा भ्रम आहे. पण बनारसला राहणाऱ्या जॉन लॉईड विल्यम्स नावाच्या इंग्रज गृहस्थाने लोकांना विचारून, जागा पाहून, सगळे लिहून लंडनला पाठवले. एडवर्ड हॉवर्ड या रसायनशास्त्रज्ञाने तिथले दगड आणि इतर देशांत पडलेले दगड तपासले. सर्वांतल्या लोखंडात निकेल निघाले. १८०२ मध्ये त्याने ते प्रसिद्ध केले. पुढल्याच वर्षी फ्रान्समध्ये लेग्ल गावी असेच दगड पडले आणि बियो या शास्त्रज्ञाने गावोगाव फिरून शेतकऱ्यांच्या जबान्या घेतल्या. त्यानंतर विद्वानांचा विरोध मावळला. ज्याच्या छपरातून दगड आत आला त्या पहारेकऱ्याला 'आकाशातून दगड पडत नाहीत' असे सांगायला तिथे कोणी नव्हते, हे बरे झाले. नाहीतर त्यानेही चार लिहिले असते.

एडमंड हॅले, ज्याच्या नावाचा धूमकेतू आहे तो, याने १७१९ मध्ये इंग्लंडभर दिसलेल्या एका अग्निगोलाच्या निरनिराळ्या गावांहून आलेल्या नोंदी गोळा केल्या आणि त्यावरून त्याची उंची साठ मैलांहून अधिक काढली. मात्र तो गोळा म्हणजे पृथ्वीवरून वर गेलेल्या ज्वालाग्राही वाफा, असे त्याने सांगितले. कारण चुकले, पण नोंदींवरून काढलेली उंची वाया गेली नाही. आपल्या शेजारच्या उज्जैनच्या वराहमिहिराचेही असेच. बृहत्संहितेत उल्कांचे पाच प्रकार सांगितले आहेत आणि स्वर्गातले पुण्य भोगून खाली पडणाऱ्यांची ती रूपे असे म्हटले आहे. पण मोठ्या आवाजानिशी येऊन जमीन विदारणारी ती 'अशनी', हे वर्णन आजही कामाचे आहे. जमिनीवर पोहोचलेल्या दगडाला मराठीत आपण अशनीच म्हणतो. हा शब्द मला पन्नाशीनंतर कळला, हेही कबूल करते.

तर आता मुलांनो, तुम्हांला असे काही दिसले तर काय करायचे ते सांगते. पालकांनीही वाचावे, कारण रात्री उशिरा जागे तेच असतात.

आधी नुसते बघा. मोबाईल खिशातून काढेपर्यंत उल्का संपलेली असते. तोंडाने आकडे म्हणायला लागा, कोणत्याही चालीत. चाल नंतर घड्याळाशी ताडून पाहता येते. जिथे उभे होता ती जागा पायांनी धरून ठेवा आणि ती कुठे दिसू लागली, कुठे विझली, ते झाड, खांब, गच्चीचा कठडा यांच्या खुणेने लक्षात ठेवा. हात ताठ पुढे करून मूठ धरली की ती आकाशात साधारण दहा अंश झाकते; क्षितिजापासून किती मुठी वर, एवढे लिहिले तरी पुरे. डोक्यावरचा बिंदू नऊ मुठींवर. एका ठिकाणच्या नोंदीवरून उंची कळत नाही, पण इंदूरच्या मुलाने 'दक्षिणेला, चार मुठी' आणि खांडव्याच्या मुलाने 'उत्तरेला, सहा मुठी' असे एकाच उल्केबद्दल लिहिले, तर त्या दोन रेषा जिथे मिळतात तिथे ती होती. हा भूमितीचा धडा आठवीच्या पुस्तकातलाच आहे.

आणि मोठा अग्निगोल दिसला तर लगेच आत पळून खिडकीशी उभे राहू नका. आवाज प्रकाशाच्या मागून, कधी काही मिनिटांनी येतो. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्क शहरावर सुमारे अठरा मीटरचा दगड फुटला. प्रकाश पाहून लोक खिडक्यांशी गेले, आणि मग धक्का येऊन काचा फुटल्या. दीड हजारांच्या आसपास लोक जखमी झाले, त्यांतले बरेच काचांनी.

मग घरात कोणाशी बोलण्याआधी लिहा. नाव काय द्यायचे, उल्का की विमान की आणखी काही, ते शेवटी. नाही दिले तरी चालेल. अमेरिकन मिटिअर सोसायटी १९११ पासून आणि आंतरराष्ट्रीय उल्का संघटना १९८८ पासून अशा सामान्य माणसांच्या नोंदी घेतात. त्यांच्या अर्जातही हेच प्रश्न असतात: कुठे उभे होता, कोणत्या दिशेला पाहिले, किती वेळ. ते काय होते हे ठरवण्याचे काम ते स्वतः करतात.

ऑगस्टमधल्या उल्का आपल्या माळव्यात ढगांच्या वरच राहतात. पण १३ आणि १४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीच्या दिशेकडून येणाऱ्या उल्का भरपूर असतात, आकाश स्वच्छ असते आणि थंडीत स्वेटर घालून गच्चीवर बसायला घरचे नाही म्हणत नाहीत. शहराच्या दिव्यांपासून थोडे दूर जाता आले तर उत्तम.

कार्यालयाच्या खिडकीशी आता एक जाड वही दोरीने बांधून ठेवली आहे. तिच्यात कोणीही नोंद करावी. त्या वहीसाठी नियम एकच, आणि तो माझ्यासाठी आहे: लाल पेन तिथे न्यायचे नाही. आतापर्यंत तिच्यात चाळीसेक नोंदी झाल्या आहेत. त्यांतल्या काही नक्कीच विमानांच्या आहेत, एक बहुधा लग्नाच्या आतषबाजीची आहे. त्याही तशाच ठेवल्या आहेत. आमच्या चौकीदार भैयांनी हिंदीत तीन लिहिल्या आहेत, त्या सगळ्यांत नेटक्या, कारण रात्री ते शाळेच्या गेटवर एकाच खुर्चीत, एकाच दिशेला तोंड करून बसतात.

आणि फाईलमधला तो कागद. त्या मुलीने सोमवारी तो फलकावरून काढून घेतला आणि दुपारी परत आणून दिला. वर माझ्या सांगण्यावरून लिहिलेले '४ सेकंद' तिने खोडले नव्हते. खाली निळ्या शाईत एक ओळ वाढवली होती: 'मी मोजले तेव्हा ३८. मॅडमना दाखवल्यावर ४.'